रविवारी साडेपाचला कट्ट्यावर: चालत्या-धावत्या गटात पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

"आधी जरा वजन उतरवते, दम वाढवते, मग येते तुमच्यात." हे वाक्य मी दीड वर्ष म्हणत होते. शेवटी शेजारच्या ताईंनी एका शनिवारी रात्री दार वाजवून सांगितलं, "उद्या साडेपाचला खाली ये, फक्त चालायचंय." तेव्हा मी 47 वर्षांची होते आणि दादर स्टेशनचा पूल चढला की मला थांबावं लागत होतं. या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. आजही दर महिन्याला कुणी ना कुणी तेच वाक्य ऐकवतं, म्हणून सुरुवातीलाच सांगते: वजन आणि दम दोन्ही गटात येऊनच सुधारतात. यायच्या आधी एकच तयारी लागते, पहाटे उठण्याची.

गट कसा शोधायचा, आणि बरा गट कसा ओळखायचा

मुंबईत गट शोधायला फार फिरावं लागत नाही. रविवारी सहाच्या सुमारास शिवाजी पार्कच्या कट्ट्याला एक फेरी मारा, तुम्हाला चार-पाच टोळकी दिसतील. मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस, कार्टर रोड, पवई तलावाचा काठ आणि बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाचं फाटक इथेही तेच चित्र असतं. मोबाइलवर शोधत बसण्यापेक्षा हे बरं, कारण माणसं एकमेकांशी कशी वागतात ते डोळ्यांनी दिसतं.

पुढे कोण धावतंय ते बघू नका. शेवटी कोण आहे आणि त्याच्याबरोबर कोण आहे, ते बघा. शेवटचा माणूस एकटाच धापा टाकत येत असेल आणि बाकीचे पाणी पिऊन, फोटो काढून निघाले असतील, तर तो गट चांगल्या धावकांचा असेलही, पण नवख्यासाठी नाही. आमच्याकडे दर रविवारी एक जुना सदस्य ठरवून शेवटी राहतो, आम्ही त्याला 'शेवटचा गडी' म्हणतो. त्याच्या मागे कुणीच उरता कामा नये. मी पहिल्या दिवशी आले तेव्हा एक निवृत्त काका माझ्याबरोबर होते. ते अर्धमॅरेथॉन धावणारे, पण त्या दिवशी पूर्ण वेळ माझ्या चालीने चालले, आणि त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मी दुसऱ्या रविवारी परत आले याचं कारण ते काका.

अजून दोन प्रश्न विचारा. फी आहे का? बहुतेक मोहल्ला गटांत नसते. जिथे प्रशिक्षक असतो तिथे असते आणि ती रास्तही असते, पण आधी कळलेलं बरं. दुसरं, बायका किती आहेत आणि किती वर्षांपासून येतात? एखाद्या गटात बायका येतात पण टिकत नाहीत असं दिसलं, तर त्यामागे काहीतरी कारण असतं.

पहिला मेसेज

नंबर मिळाला की अंधारात तीर मारल्यासारखं "मला जॉइन व्हायचंय" एवढंच लिहू नका. समोरच्याला तुमच्याबद्दल काय माहीत हवं ते लिहा. उदाहरणार्थ: "नमस्कार, मी कांदिवली पूर्वेला राहते. वय 44. रोज वीस मिनिटं चालते, धावण्याची सवय नाही. बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टरांना विचारलंय. या रविवारी आले तर चालेल का? कुठे आणि किती वाजता यायचं?" गोळ्या, मधुमेह, जुनं गुडघ्याचं ऑपरेशन यात लपवण्यासारखं काही नाही. शेवटच्या गड्याला हे माहीत असलं की तो तुमच्याकडे तसं लक्ष देतो.

चाळिशी उलटली असेल, बीपी किंवा साखर असेल, घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर ठेवायचीच. व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते. हात थरथरले, घाम नेहमीपेक्षा वेगळा सुटला, डोकं हलकं झालं, तर थांबायचं आणि बोलायचं.

शनिवारची रात्र

बुटांबद्दल बोलायला हवं, कारण नवे लोक इथेच पैसे घालवतात. महागडा बूट लागत नाही, पायाला बसणारा लागतो. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय थोडे फुगलेले असतात. धावताना जे मोजे घालणार तेच घालून बूट बघा. अंगठ्याच्या पुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा उरली पाहिजे, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. आणि नवा बूट पहिल्यांदा रविवारी घालू नका, आठवडाभर बाजारात, ऑफिसला घालून मऊ करा.

कपड्यांचं म्हणाल तर सलवार-कमीज आणि बूट घालून येणाऱ्या मावशी आमच्याकडे चार आहेत, आणि त्यांना कुणी वेगळं समजत नाही. फक्त ओढणी घरी ठेवा किंवा घट्ट बांधा. सुती टी-शर्ट मुंबईच्या दमटपणात अर्ध्या तासात ओलाचिंब होऊन अंगाला चिकटतो, म्हणून पातळ, लवकर सुकणारा कपडा बरा. बायकांनी नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा घ्यावी. बुटानंतर पैसे खर्च करावेत तर इथे. मांड्या, काखा आणि ब्राची कड जिथे घासते तिथे व्हॅसलीन लावा. पहिल्या दिवशी हे कुणी सांगत नाही, आणि मग आंघोळीच्या वेळी सालटं निघालेलं कळतं.

पिशवीत पाण्याची बाटली, कोरडा टी-शर्ट, चपला, थोडे सुटे पैसे आणि एक कागद. कागदावर नाव, रक्तगट आणि घरच्यांचा फोन. मोबाइल लॉक असला तर तो दुसऱ्याला उघडता येत नाही, म्हणून कागदच. कोरडा टी-शर्ट परतीच्या लोकलसाठी, शेजारी बसणाऱ्याचा विचार म्हणून.

रविवारची पहाट

उठल्यावर एक केळं किंवा दोन खजूर आणि अर्धा कप चहा पुरतो. तासाभराच्या चालण्या-धावण्याला यापेक्षा जास्त लागत नाही, आणि पोहे खाऊन धावलं तर ते पोटात गोळा होऊन बसतात. घरीच स्वच्छतागृहाला जाऊन निघा. वाटेवर कुठे स्वच्छतागृह आहे आणि ते त्या वेळी उघडं असतं का, हे बायकांनी पहिल्याच दिवशी गटातल्या ताईला विचारून घ्यावं. प्रत्येक मार्गाचं उत्तर तिला माहीत असतं.

लोकलने येणार असाल तर वेळेच्या एक गाडी आधीची पकडा. गट साडेपाच म्हणाला की साडेपाच. तुमच्यासाठी पाच मिनिटं थांबलेले वीस जण घामाआधीच गारठतात (जानेवारीत मुंबईतही गारठतात). आणि परतीचंही बघा: रविवारी मेगाब्लॉक साधारण साडेदहा-अकराच्या सुमारास सुरू होतो. चहाच्या गप्पा लांबल्या की घरी पोचायला दुपार होते.

अंधार किती असेल हेही ऋतूवर आहे. जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या आसपास उगवतो, जानेवारीच्या मध्यात सव्वासात होतात. म्हणजे थंडीत साडेपाचला निघालात तर पहिला दीड तास रस्त्यावरच्या दिव्यांचा. फिकट रंगाचा शर्ट घाला. पदपथ नसेल तिथे समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, आणि दोघांपेक्षा जास्त जण शेजारी-शेजारी नकोत. कानात इअरफोन नको. भटकी कुत्री अंगावर भुंकत आली तर धावणं थांबवा, त्यांच्या डोळ्यांत बघू नका, हळूहळू चालत पुढे जा. धावणारा माणूस दिसला की पाठलाग करावा हे त्यांच्या स्वभावातच असतं.

पहिला तास आणि त्यानंतरचे आठ आठवडे

पहिल्या दिवशी धावू नका. मनापासून सांगते, उत्साह कितीही असला तरी फक्त चाला. तीस-चाळीस मिनिटं, शेवटच्या गड्याबरोबर.

पुढच्या आठवड्यापासून आमच्याकडे 'चार-एक' चालतं: चार मिनिटं चालायचं, एक मिनिट हळू धावायचं, असे सहा फेरे. आठवड्यात तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. दोन आठवड्यांनी 'तीन-दोन', मग 'दोन-तीन'. आठव्या आठवड्यापर्यंत बरेच जण वीस मिनिटं न थांबता हळू धावतात. ज्यांना जमत नाही ते 'दोन-तीन'वरच राहतात, आणि आमच्या गटातल्या एक मावशी तीन वर्षं तिथेच आहेत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते, आणि झपझप चालणं त्यात पूर्ण मोजलं जातं. त्यामुळे ज्यांना कधीच धावायचं नाही त्यांनीही निःसंकोच यावं.

वेग किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. "काल मुलीचा निकाल लागला, पंच्याऐंशी टक्के मिळाले" एवढं एका दमात म्हणता येत नसेल तर तुम्ही जोरात आहात. घड्याळातले आकडे पहिले दोन महिने झाकूनच ठेवा.

या हळूपणामागे कारण आहे, आणि मी ते चुकीतून शिकले. पाचव्या आठवड्यात मला एकदम हलकं वाटायला लागलं, दम लागेना. मग मी राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या चढावर पोरांच्या बरोबरीने धावले. दोन दिवसांनी नडगीच्या आतल्या बाजूला ठणका सुरू झाला आणि तीन आठवडे घरी बसावं लागलं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, पण स्नायूबंध आणि हाडं सवय करून घ्यायला महिने घेतात. दम सांगतो "पळ", आणि नडगी अजून तयार नसते. म्हणून दुखणं कसलं आहे ते ओळखा. दोन्ही मांड्या सारख्या जड झाल्या असतील तर ते श्रमाचं, दोन दिवसांत जातं. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येतं, चालतानाही टोचतं, सकाळी पहिल्या पावलाला टाचेत कळ येते, तर थांबा आणि दाखवा. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, भोवळ यापैकी काही झालं तर जागच्या जागी बसा. गटातलं कुणीतरी 108 ला फोन करेल. "जरा ॲसिडिटी असेल" म्हणून फेरी पूर्ण करायची नाही.

मुंबईचा दमटपणा हा वेगळा विषय आहे. घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यामुळे मे आणि ऑक्टोबरमध्ये तोच रस्ता त्याच वेगाने जास्त जड जातो. अशा महिन्यांत वेग आपणहून कमी करा. तासाभरापेक्षा जास्त वेळ असेल तर नुसत्या पाण्याबरोबर मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी ठेवा.

कुठला रस्ता आधी

माझं मत असं: सुरुवात शिवाजी पार्कसारख्या ठिकाणी. कट्ट्याची एक फेरी साधारण सव्वा किलोमीटरची, रस्ता सपाट, दिवे आहेत, आणि कंटाळा आला तर कुठेही बसता येतं. मरीन ड्राइव्हची साडेतीन किलोमीटरची कमान त्यानंतर. तिथे वारा समोरून आला की तीच वाट दुप्पट वाटते, म्हणून जाताना वाऱ्याविरुद्ध आणि येताना वाऱ्याबरोबर अशी दिशा धरा.

जुहूच्या वाळूत धावायचं असेल तर ओहोटी बघा. कोळी लोकांचा जुना हिशोब इथे उपयोगी पडतो: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीच्या वेळेचा अंदाज येतो. अष्टमीला सहा. म्हणजे अष्टमीच्या पहाटे पाणी वर आलेलं असतं आणि भुसभुशीत वाळूच उरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी, म्हणून पहाटे ओहोटी आणि ओली, घट्ट वाळू मिळते. किनारा एका बाजूला उतरता असतो, त्यामुळे घोट्यावर ताण येतो. जितकं एका दिशेने, तितकंच उलट दिशेने चला.

आणि मग जंगल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठं आहे, आणि एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात असं रान असणं हे आपलं केवढं भाग्य आहे हे मला तिथे दर वेळी नव्याने जाणवतं. सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी तिथे पास मिळतो. दर, वेळा आणि कुठपर्यंत जायची मुभा आहे हे फाटकावरच विचारून घ्या, कारण त्यात बदल होतात. फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा डांबरी रस्ता सुमारे सहा किलोमीटरचा, शेवटी चांगलाच चढाचा. चढावर पावलं लहान करा आणि नजर दहा पावलं पुढे ठेवा. उतारावर तर अजूनच लहान, गुडघ्यांना मार उतरताना बसतो. आतल्या पायवाटांवर, म्हणजे शिलोंड्यासारख्या ठिकाणी, परवानगी आणि सोबत माहीतगार हवा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणं त्याखाली गुन्हा आहे. "सगळेच जातात" म्हणणाऱ्या गटाबरोबर जाऊ नका.

बिबट्याचा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो, आणि विचारावाच. उद्यानात आणि त्याला लागून असलेल्या आरेच्या रानात बिबटे आहेत. ते सहसा माणसाला टाळतात. संध्याकाळ, रात्र आणि पहाटेचा अंधार ही त्यांची वेळ, म्हणून रानाच्या बाजूला आम्ही उजाडल्यावरच जातो, बोलत जातो आणि लहान मुलांना मधे ठेवतो. अंधारात एकट्याने खाली बसणं किंवा वाकणं टाळायचं. दिसलाच तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही. एकमेकांजवळ यायचं, उभं राहून मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरायचं. फ्लॅश मारून फोटो अजिबात नको. वनखात्याची मदतवाहिनी 1926 आहे, ती फोनमध्ये ठेवा. खरकटं, बिस्किटांचे पुडे टाकून येऊ नका. कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

रानात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तुम्ही ज्याला ट्रेल म्हणता ती कुणाची तरी घराकडे जायची वाट असते. आरेत आणि उद्यानात वारल्यांचे पाडे आहेत, त्यांनी वाघोबाला देव मानलंय आणि बिबट्याच्या शेजारी पिढ्यान्पिढ्या राहिलेत. पाड्याजवळून जाताना धावणं थांबवा, आवाज कमी करा, न विचारता अंगणात, विहिरीवर किंवा पोराबाळांचे फोटो काढू नका. समोर मोळी घेऊन मावशी आल्या तर वाट त्यांची. "राम राम मावशी" म्हटलं की त्याही हसून बोलतात, आणि पुढचा ओढा भरलाय का ते आपणहून सांगतात.

पावसाळा आणि थंडीतली हवा

पाऊस म्हणून गट बंद होत नाही. फक्त हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असला की आम्ही घरीच जिने चढतो. विजा चमकत असतील तर मोकळं मैदान आणि झाडाखालचा आडोसा दोन्ही टाळा. शेवाळलेल्या दगडावर भलेभले घसरतात. तुंबलेल्या पाण्यातून जाऊ नका, पायाला साधा ओरखडा असला तरी त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होऊ शकतो. जावंच लागलं तर घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, दोन तासांनी बोळे बदला. उन्हात किंवा ड्रायरने सुकवले तर तळ सुटतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंडी छान, पण हवेचं बघावं लागतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर आपल्या भागातल्या हवेच्या प्रदूषणाचा आकडा (AQI) दिसतो. 200 च्या वर असेल तर आम्ही धावत नाही, फक्त चालतो, आणि दम्याचे लोक त्या दिवशी नुसते चहाला येतात. आलेच पाहिजेत असा आमचा आग्रह असतो.

चहा

तो टाळू नका. फेरी संपली की पाच-सात मिनिटं हळू चालून, पोटऱ्या ताणून मग टपरीवर. खर्च टीटीएमएम. इथेच कळतं कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या नवऱ्याची नोकरी गेली, कोण दोन रविवार का दिसलं नाही. तुम्ही नवे असाल तर तिसऱ्या-चौथ्या रविवारी तुमची चौकशी व्हायला लागेल. नाही आलात तर सोमवारी फोन येईल. येऊ शकत नसाल तर शनिवारी रात्रीच कळवा, म्हणजे कट्ट्यावर कुणी वाट बघत राहणार नाही. मधेच घरी वळणार असाल तरी कुणाला तरी सांगूनच वळा. एकदा एक दादा न सांगता रिक्षाने निघून गेले आणि आम्ही बारा जण दीड तास त्यांना आरेच्या रस्त्यावर शोधत होतो.

मुंबई मॅरेथॉन 2004 मध्ये सुरू झाली, हल्ली ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिचा विषय चहावर निघणारच. पहिल्या वर्षी फार तर ड्रीम रनला जा, साधारण सहा किलोमीटर, वेळेची मोजणी नाही, बरेच जण चालतच जातात. बेचाळीस किलोमीटरचा विचार दोन वर्षांनी करा, किंवा करूही नका.

साधारण सहा महिन्यांनी कुणीतरी विचारेल, "या रविवारी शेवटी राहशील?" हो म्हणा. करायचं एवढंच: निघताना माणसं मोजायची, वळणावर मोजायची, परतल्यावर मोजायची. खिशात ग्लुकोज, बँडेज आणि एक जादा पाण्याची बाटली. जो सगळ्यात मागे असेल त्याच्या अर्धं पाऊल मागे चालायचं, पुढे नाही, म्हणजे आपण त्याच्यासाठी थांबलोय असं त्याला वाटत नाही. त्याला दम लागला असेल तर प्रश्न विचारू नका, तुम्हीच काहीतरी सांगत राहा. मी त्या निवृत्त काकांकडून पहिल्या दिवशी त्यांच्या गच्चीवरच्या कढीपत्त्याची सगळी गोष्ट ऐकली होती, आणि फाटक कधी आलं ते मला कळलंच नाही.